मनावरच्या ताणामुळे जखम उशिरा का भरते

कोपराच्या थोडं खाली, हातावर, साडेतीन मिलिमीटर व्यासाची गोल जखम. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ स्त्रियांच्या हातावर अशी एकसारखी जखम त्यांच्या संमतीने केली. त्वचेचा छोटा नमुना काढायला दवाखान्यात जे उपकरण वापरतात, तेच वापरून. मग ती भरेपर्यंत तिचे फोटो काढले आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहिलं. कातडी उघडी असेल तर पेरॉक्साइड फेसाळतं. फेस यायचा थांबला की जखम भरली असं धरायचं.

या २६ जणींपैकी १३ जणी घरात स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करत होत्या. उरलेल्या १३ जणी त्यांच्याच वयाच्या आणि साधारण तितक्याच उत्पन्नाच्या होत्या, पण त्यांच्यावर ही जबाबदारी नव्हती. या दुसऱ्या गटाची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना जवळजवळ ४९ दिवस लागले. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९५ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मनाचा शरीरावर परिणाम होतो हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. 'मुलाच्या जाण्याचा धसका घेतला आणि वर्षभरात खंगला' अशी माणसं प्रत्येकाच्या नात्यात असतात. पण त्यातलं खरं किती आणि सांगोवांगी किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. या अभ्यासाचं मोल मला वाटतं ते इथे. काळजी मोजता येत नाही, पण जखम मोजता येते. जखम सारख्याच आकाराची, करण्याची पद्धत तीच, आणि तरीही जवळजवळ दहा दिवसांचा फरक.

अर्थात २६ हा आकडा लहान आहे. शिवाय दोन गटांतली माणसं वेगळी असली की शंका घ्यायला जागा उरते: शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया कदाचित नीट जेवत नसतील, कदाचित त्यांची तब्येत आधीपासूनच नाजूक असेल. म्हणून याच चमूतल्या संशोधकांनी पुढे एकाच माणसाला दोनदा जखम करून पाहिली. दंतवैद्यकीच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडात, टाळूवर, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी अशी जखम केली. माणूस तोच, तोंड तेच. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस, म्हणजे ४० टक्के वेळ जास्त लागला. परीक्षेच्या काळात सुट्टीइतक्या लवकर जखम भरली, असा एकही विद्यार्थी निघाला नाही. आणि या मुलांवर कुठलं मोठं संकट कोसळलेलं नव्हतं. होती ती फक्त परीक्षा, तीही तारीख आधीपासून ठाऊक असलेली.

हे घडतं कसं, ते कळायला जखम कशी भरते ते थोडं पाहावं लागेल. कापलं की आधी रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. काही तासांतच पांढऱ्या पेशी तिथे येऊन पोचतात. जखमेभोवती येणारी लाली, सूज, गरमपणा आणि ठणका हे सगळं त्यांच्या कामाचं लक्षण. याला दाह म्हणतात. दाह म्हणजे काहीतरी बिघडलं असं आपल्याला वाटतं, पण सुरुवातीचे काही दिवस तो हवाच असतो. या पेशी जंतू मारतात, मेलेला भाग साफ करतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडून पुढच्या पेशींना बोलावून घेतात. त्यानंतर नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कोलॅजेन या प्रथिनाचं जाळं विणलं जातं आणि कडेच्या त्वचेच्या पेशी सरकत सरकत मध्यभागी येऊन भेटतात. वरून जखम बंद झाली तरी आतली दुरुस्ती पुढे कित्येक महिने चालू राहते. पहिली पायरी ढिली पडली की पुढचं सगळं लांबतं.

ताण घाव घालतो तो या पहिल्या पायरीवर. मेंदूला धोका जाणवला की हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाशी असलेला भाग, त्याच्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी एकापाठोपाठ जाग्या होतात. रक्तात अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं. हृदय जोरात धडधडतं, साखर वर चढते, रक्त त्वचेकडून स्नायूंकडे वळतं. पूर आला की नगरपालिका रस्त्यांचे खड्डे बुजवायचं काम थांबवून सगळी माणसं पुराच्या कामाला लावते, तसं शरीर दुरुस्ती बाजूला ठेवतं. पूर दोन दिवसांत ओसरला तर खड्डे चार दिवस उशिरा बुजले म्हणून काही बिघडत नाही. वर्षभर पाणी उतरलंच नाही, तर मात्र रस्ते जातात.

कॉर्टिसॉल हे शरीराने स्वतः तयार केलेलं स्टेरॉइड आहे. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या जखमा उशिरा भरतात हे सर्जन मंडळींना चांगलं माहीत असतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी ते हा प्रश्न आवर्जून विचारतात. स्टेरॉइड दाह दाबतं. कॉर्टिसॉलही तेच करतं. दंतवैद्यकीच्या त्या विद्यार्थ्यांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा इंटरल्यूकिन-१ या महत्त्वाच्या सायटोकाइनची निर्मिती परीक्षेच्या काळात सुमारे दोन तृतीयांशाने घटलेली दिसली. पेशींना बोलावणारी हाकच क्षीण झाली होती.

याला इतर गोष्टी येऊन मिळतात. ताणात झोप उडते, आणि पेशींच्या दुरुस्तीला मदत करणारं वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. जेवणावरची वासना जाते किंवा चहा-बिस्किटावर दिवस निघतो, मग कोलॅजेन विणायला प्रथिनं कुठून येणार? तंबाखू आणि सिगारेट वाढते, निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत प्राणवायू पुरेसा पोचत नाही. मधुमेह असेल तर साखर हाताबाहेर जाते.

घरातल्या वातावरणाचाही हिशोब लागतो. याच संशोधकांनी ४२ विवाहित जोडप्यांना दोनदा चोवीस तासांसाठी रुग्णालयात राहायला बोलावलं आणि त्यांच्या हातावर सक्शनने, म्हणजे हवेच्या ओढीने त्वचा वर खेचून, छोटे फोड आणले. पहिल्या खेपेला नवरा-बायकोला एकमेकांना आधार वाटेल असं बोलायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्यांच्यात ज्या विषयावरून खटके उडतात तो विषय काढायला लावला. भांडणानंतरचे फोड उशिरा भरले. आणि ज्या जोडप्यांच्या बोलण्यात एकमेकांबद्दल कडवटपणा जास्त होता, त्यांच्या जखमा भरण्याचा वेग कमी कडवटपणा असलेल्या जोडप्यांच्या ६० टक्केच निघाला. हा अभ्यास २००५ सालचा. ऑपरेशननंतर आपण पेशंटला मुगाची खिचडी देतो, जड उचलू देत नाही, जिना चढू देत नाही. त्याच घरात त्याच्या पलंगाशेजारी रोज वाद होत असतील तर तेही तितकंच महत्त्वाचं पथ्य मोडणं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

इथवर गोष्ट चालू असलेल्या ताणाची झाली. मानसिक आघात थोडा वेगळा. अपघात, बलात्कार, मारहाण, भूकंप, डोळ्यांदेखत जवळच्या माणसाचा मृत्यू, किंवा लहानपणी वर्षानुवर्षं सोसलेला छळ. घटना संपते, पण शरीरातली धोक्याची घंटा पूर्ण थांबत नाही. दारावर जोरात थाप पडली तरी अंग शहारतं. रात्री दचकून जाग येते. एखाद्या वासाने, आवाजाने ती घटना पुन्हा समोर उभी राहते. हे महिनाभराहून अधिक चाललं आणि रोजचं जगणं अडायला लागलं तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत या आजाराला जागा मिळाली.

आघातग्रस्त माणसात कॉर्टिसॉल कायम वाढलेलंच असतं असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. पीटीएसडी असलेल्या बऱ्याच लोकांत ते उलट कमी आढळलेलं आहे. म्हणजे 'जास्त ताण, जास्त कॉर्टिसॉल' इतकं हे सरळ नाही. घंटा वाजवणारी आणि थांबवणारी, दोन्ही यंत्रणा आपलं माप विसरतात. याचा एक परिणाम न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात दिसला. तिथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारेक मुलांचा संशोधक जन्मापासून पाठपुरावा करत आहेत. लहानपणी ज्यांना वाईट वागणूक मिळाली होती, त्यांच्या रक्तात वयाच्या ३२व्या वर्षीही सीआरपी हा दाहाचा निदर्शक जास्त सापडला. जखमेच्या जागी सुरुवातीला जोमाने येऊन नंतर निघून जायचा तो दाह, या लोकांत सगळ्या शरीरभर मंद आचेवर वर्षानुवर्षं चालू असतो. आणि असा रेंगाळणारा दाह हृदयविकार आणि मधुमेहाशी निगडित आहे.

याच धाग्यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोचा. डॉ. व्हिन्सेंट फेलिटी तिथे लठ्ठपणाच्या उपचारांचा कार्यक्रम चालवत होते. वजन चांगलं उतरत असलेली माणसंच कार्यक्रम अर्धवट सोडून जात होती, याचं त्यांना कोडं पडलं. त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की त्यांच्यातल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाले होते, आणि काहींना वाढलेलं वजन ढालीसारखं वाटत होतं. वजन उतरलं की लोकांच्या नजरा वळतील, याचं त्यांना भय होतं. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी लहानपणच्या प्रतिकूल अनुभवांची प्रश्नावली तयार केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत साडेनऊ हजार लोकांची उत्तरं होती. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक असा अनुभव नोंदवला होता. अनुभवांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसं हृदयविकार, फुप्फुसांचे जुनाट आजार, यकृताचे आजार, इतकंच काय हाडं मोडण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं.

हा अभ्यास वाचून स्वतःचे असे अनुभव मोजत बसणाऱ्यांना एक सांगायला हवं. हे आकडे मोठ्या समूहाबद्दल बोलतात. बालपण खडतर गेलेली आणि ठणठणीत असलेली माणसं भरपूर आहेत. बालपण हे विधिलिखित नाही.

आघाताचा आणखी एक परिणाम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, पण फिजिओथेरपीच्या खोलीत रोज दिसतो. दुचाकीचा अपघात झालाय, गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालंय, एक्स-रे छान आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, "काका, वाकवा थोडा गुडघा." काका पलंगाची कड घट्ट धरतात, श्वास रोखतात, मांडीचा स्नायू दगडासारखा होतो. गुडघा वाकत नाही. दुखतं म्हणून नव्हे, दुखेल म्हणून. मग न हलवल्यामुळे सांधा आखडतो, आखडल्यामुळे खरंच दुखायला लागतं, आणि भीती खरी ठरते. अशा माणसाला 'तुम्ही प्रयत्नच करत नाही' म्हणून ओरडणं म्हणजे चक्राला आणखी एक ढकल देणं. आधी अपघाताची भीती समजून घ्यावी लागते, हालचाल दोन-दोन अंशांनी वाढवावी लागते.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांचं दुखणं याहून अदृश्य असतं. स्त्रीरोगाची तपासणी, दाताच्या खुर्चीवर आडवं पडून तोंड उघडं ठेवणं, परक्या पुरुषाचा हात. या सगळ्याला शरीर नकार देतं. मग तपासणी टळते, दुखणं अंगावर काढलं जातं, आणि आजार हाताबाहेर गेल्यावर दवाखान्यात आल्या की 'इतके दिवस काय करत होतात?' हे ऐकायला मिळतं. "आता मी इथे हात लावणार आहे, थांबावंसं वाटलं तर सांगा," एवढं एक वाक्य डॉक्टरने म्हटलं तरी किती फरक पडतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना विचारा.

वेदनेबद्दल थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत गंभीर जखमी झालेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी डॉ. हेन्री बीचर यांनी केली. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक औषध नको होतं. बीचर यांच्या मते या सैनिकांसाठी जखमेचा अर्थ आघाडीवरून जिवंत सुटका असा होता. दुखणं फक्त जखमेच्या आकारावर ठरत नाही. ती जखम आपल्यासाठी काय घेऊन आली, यावरही ठरतं. हे दुखणं खोटं नसतं. सगळंच दुखणं शेवटी मेंदूत घडतं, मोडलेल्या हाडाचंसुद्धा.

इथून माणसं दोन चुकीच्या वाटांनी जातात, आणि दोन्हींचा मला मनापासून राग येतो. पहिली वाट डॉक्टरांची आणि घरच्यांची: रिपोर्ट नॉर्मल आले की 'तुला काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ.' हे ऐकून घेण्याची पाळी बायकांवर जास्त येते. १९९० साली जपानमध्ये हृदयाचा एक विकार प्रथम वर्णन केला गेला, ताकोत्सुबो. मोठ्या दुःखानंतर किंवा धक्क्यानंतर छातीत हार्ट अटॅकसारखंच दुखतं, ईसीजी बिघडतो, हृदयाचा एक भाग फुग्यासारखा फुगतो, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघतात. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया असतात. बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण क्वचित मृत्यूही ओढवतो. मनाला बसलेला धक्का हृदयाच्या स्नायूवर सोनोग्राफीत दिसतो. याला 'मनाचे खेळ' म्हणणार का?

दुसरी वाट मोबाईलवरच्या व्हिडिओंची: प्रत्येक आजारामागे दडपलेली भावना असते, राग गिळला म्हणून कॅन्सर झाला, माफ करा म्हणजे गाठ विरघळेल. याला आधार नाही. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १०९३ रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांची भावनिक अवस्था चांगली की वाईट, यावरून त्यांच्या जगण्याचा काळ ठरत नाही, असं त्यात आढळलं. केमोथेरपीने गळून गेलेल्या माणसाला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणताना आपण त्याच्यावर अपराधाचं ओझं लादतो, आणि कुणी त्या व्हिडिओच्या नादाने उपचार सोडले तर त्याचा जीव जातो. मन शरीराच्या दुरुस्तीचा वेग कमी-जास्त करतं. ते औषधाची जागा घेत नाही.

म्हणून दोन आठवड्यांत जखम भरायची चिन्हं दिसत नसतील तर आधी साखर तपासा, जंतुसंसर्ग आहे का पाहा, पायाला रक्तपुरवठा नीट आहे ना याची खात्री करा, जेवणात डाळी, अंडी, दूध आहे का बघा, तंबाखू थांबवा. हे सगळं करत असतानाच मनाकडेही बघायचं.

त्याचा उपयोग होतो याचे पुरावे आहेत. न्यूझीलंडमध्ये ६४ ते ९७ वयाच्या ४९ निरोगी माणसांपैकी काहींना सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या अस्वस्थ करणाऱ्या घटनेबद्दल मनातलं सगळं लिहायला सांगितलं. बाकीच्यांनी रोजच्या साध्या कामांबद्दल लिहिलं. दोन आठवड्यांनी सगळ्यांच्या दंडावर छोटी जखम केली. अकराव्या दिवशी मनातलं लिहिणाऱ्यांपैकी ७६ टक्के लोकांची जखम पूर्ण भरली होती, दुसऱ्या गटातल्या ४२ टक्के लोकांची. त्याच देशात पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही दिवस शरीर सैल सोडण्याचा सराव केलेल्या रुग्णांच्या जखमेत कोलॅजेन जास्त जमा झालेलं दिसलं. लेखनाचे सगळेच प्रयोग इतके यशस्वी झालेले नाहीत, पण वही-पेन लागतं आणि नुकसान फारसं नाही. मात्र जुनी मोठी घटना लिहिताना जीव कासावीस व्हायला लागला तर तिथेच थांबावं, आणि जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि भेटायला जाणाऱ्यांसाठी एक विनंती. अपघातातून वाचलेल्या माणसाच्या पलंगाशेजारी मोसंबीची पिशवी ठेवून पहिला प्रश्न येतो, "पण झालं कसं नेमकं?" दिवसभरात दहा जण येतात आणि तो दहा वेळा ट्रकखाली जातो. ताज्या आघातानंतर माणसाला सगळं पुन्हा सांगायला लावण्याची एकवेळची सत्रं उपयोगी नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याला बोलावंसं वाटलं तर ऐका. नाहीतर डबा आणा, औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानात जा, रात्री राहणाऱ्या बाईला दोन तास घरी झोपायला पाठवा.

महिना उलटूनही झोप उडालेली, दचकणं, घटना सारखी डोळ्यांसमोर येणं चालूच असेल तर आघातावर खास काम करणारे मानसोपचार आहेत. त्याच सूचनांमध्ये आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारा संवादातून होणारा उपचार) आणि ईएमडीआर (घटना आठवताना डोळ्यांची ठरावीक हालचाल करवून घेणारा उपचार) या दोन पद्धतींची शिफारस आहे. दोन्ही प्रशिक्षित व्यक्तीकडूनच घ्यायच्या असतात आणि दोन्हींना एकाहून जास्त भेटी लागतात. कुठे जायचं हे कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक लावायचा, चोवीस तास कधीही, आणि मराठीतून बोलता येतं.